मायनस आठ

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४
येलहंक्याच्या पुढे (किती पुढे, ते अजून मलाही कळलेलं नाही)

प्रिय आत्या,

दसऱ्याची सुट्टी लागली आणि हॉस्टेल रिकामं झालं. आई-बाबा जर्मनीत, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी इथेच. बाबा म्हणाले, "बघ, अभ्यासाला किती शांतता मिळेल." मिळाली आहे. दुपारी मागच्या दगडाच्या खाणीत बेडकाने उडी मारली तर तीही ऐकू येते. खाण जुनी, बंद पडलेली आहे आणि पाण्याने भरली आहे. काठावर 'पोहू नये' अशी पाटी आहे. पाटी स्वतः अर्धी पाण्यात आहे.

मोबाइलबंदी सुट्टीतही चालू. पत्रं लिहा म्हणतात, त्याने व्यक्तिमत्त्व घडतं. तुझ्या जे. पी. नगरला माणूस मेट्रो आणि बस करून दोन तासांत पोचतो, पण माझं व्यक्तिमत्त्व तीन दिवसांनी पोचेल.

आम्ही चौघं उरलोय. मी. माझी रूममेट रक्षिता, तिचे आई-वडील कुवेतला. अपूर्व, ज्याच्या वडिलांच्या मते सणाला घरी आलं की रँक जाते. आणि अद्वैत. त्याची आई हुबळीला नर्स आहे, तिला रजा नाही. अद्वैत मेडिकलची एन्ट्रन्स दुसऱ्यांदा देतोय आणि तरीही हसतो, म्हणून तो मला आवडतो. त्याचा चष्मा मायनस आठचा आहे. चष्मा काढला की तो खांबाला 'सॉरी' म्हणतो.

मोठ्यांमध्ये स्वयंपाकाच्या गंगव्वा, ज्या दोन्ही वेळा उप्पीट करतात, आणि आमचे वॉर्डन महांतेशसर. बायोलॉजी शिकवतात, सव्वीसेक वर्षांचे असतील. फार चांगले आहेत. वॉचमन सुट्टीवर गेलाय, तर आमची पत्रं स्वतः स्कूटरवरून पोस्टात नेऊन टाकतात, आलेली घेऊन येतात. ते अथणीचे. मी मराठीत काही पुटपुटले की हसून म्हणतात, "मराठी बरल्ल, सिद्धी." येतच नाही म्हणे.

अद्वैतचं एकच पालुपद आहे. "सरांना मी आधी कुठेतरी पाहिलंय." सर म्हणतात, "स्वप्नात." रोज तोच जोक, रोज आम्ही हसतो. इथे दुसरं काही घडत नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

सिद्धी


बुधवार, ९ ऑक्टोबर
जे. पी. नगर

सिद्धे,

गुडघा नवीन आहे, बाकी सगळी जुनी आहे, त्यामुळे दोघांचं जमत नाही. फिजिओथेरपीला येणारा मुलगा रोज म्हणतो, "स्वल्प बेंड माडी, अम्मा." स्वल्प म्हणजे किती वाकवायचं हे याला कुणी शिकवलेलं नाही.

तुझ्या सरांबद्दल वाचून आश्चर्य वाटलं. अथणीचा माणूस आणि मराठी येत नाही? असेल बाई. माझं सासर अथणीचं. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. कोर्टात दुभाषी म्हणून नोकरी लागली ती मला सासूबाईंच्या भांडणांमुळेच.

त्या अद्वैतला म्हणावं, कुठे पाहिलं ते आठवायचा जास्त प्रयत्न करू नकोस. आंघोळ करताना आपोआप आठवतं.

दसऱ्याला इथे ये म्हणणार होते, पण मला स्वतःला उठवायला माणूस लागतो. वॉकर घेऊन चार पावलं टाकली की शेजारचे टाळ्या वाजवतात. फार अपमानास्पद आहे.

आत्या


रविवार, १३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

अद्वैत गेला. घरी नाही.

नीट सांगते. शुक्रवारी आयुधपूजा होती. सरांनी जनरेटरची, पंपाची, लॅबमधल्या मायक्रोस्कोपची, सगळ्यांची पूजा केली. झेंडूच्या माळा, लिंबं, कुंकू भरलेला कोहळा. दुपारी मेसमध्ये पायसम होतं. अद्वैत माझ्याशेजारी बसला होता. एकदम चमचा खाली ठेवून म्हणाला, "आठवलं." मी म्हटलं, काय? म्हणाला, "आधी ज्याचं आहे त्यालाच विचारतो. उगाच कुणाचं नाव खराब नको." आणि उठून गेला. आदल्या दिवशी त्याचं आणि अपूर्वचं हरवलेल्या कॅल्क्युलेटरवरून भांडण झालं होतं. मला वाटलं, तेच.

संध्याकाळी तो जेवायला आला नाही. काल सकाळी गंगव्वांना तो खाणीत दिसला.

पोलीस आले. पोहायला गेला, पाय घसरला, असं त्यांनी लिहून घेतलं. सर रडले. त्याची आई हुबळीहून आली. तिने कुणालाच काही विचारलं नाही. फक्त त्याच्या पायाला चिकटलेला चिखल पदराने पुसत राहिली. रक्षिता तिच्याजवळ बसली. मी बसू शकले नाही, मी जाऊन झाडाकडे बघत उभी राहिले.

सगळे गेल्यावर मी जनरेटरच्या खोलीमागे गेले. काही कारण नव्हतं, तिथे कुणी नसतं म्हणून. पूजेच्या निर्माल्याचा ढीग होता तिथे. त्याखाली अद्वैतचा चष्मा होता. एक काडी वाकलेली. आसपास रक्त आहे का म्हणून बघितलं, पण त्या दिवशी सगळीकडे कुंकवाचे कोहळे फुटले होते, त्यामुळे तसं बघण्यात अर्थ नव्हता.

आत्या, जनरेटरपासून खाणीकडे जायची वाट म्हणजे नुसते खडक आणि बाभळी. अद्वैत चष्म्याशिवाय मेसपर्यंत पोचत नव्हता. तो तिथे एकटा काहून आणि कसा जाईल?

मला अपूर्वचा संशय आहे. बातमी आल्यावर तो एक शब्द बोलला नाही. खोलीत जाऊन पेपर सोडवत बसला.

चष्मा मी मेसमधल्या ओट्सच्या डब्यात लपवला आहे. ओट्स कॉलेजने इन्स्पेक्शनसाठी आणले होते, ते कुणी खात नाही. रक्षितालाही सांगितलेलं नाही. फक्त तुला.

मॅनेजमेंटने श्रद्धांजली म्हणून सुट्टी दिवाळीपर्यंत वाढवली आहे. म्हणजे अजून कुणी येणार नाही.

सिद्धी


मंगळवार, १५ ऑक्टोबर
(स्पीड पोस्टने)

सिद्धे,

पत्र वाचलं आणि लगेच कॉलेजला फोन केला. तुझ्या सरांनी उचलला. कन्नड सुंदर बोलतो. तुला इकडे पाठवा म्हटलं तर म्हणाला, पोलिसांनी सगळ्यांचे जबाब होईपर्यंत मुलांना हलवू नका असं सांगितलंय. तुझ्याशी बोलू द्या म्हटलं, तर तू झोपली होतीस. दुपारी बारा वाजता तू झोपतेस हे मला नवीन होतं.

तुझ्या बाबाला कळवलं आहे. त्याला आठवड्याभराने तिकीट मिळतंय.

तोवर एकटी फिरू नकोस. रक्षिताला सोडून कुठे जाऊ नकोस. झोपताना दाराला खुर्ची लाव. पोलीस जबाबाला आले की चष्मा त्यांच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि अपूर्वबद्दल घाई करू नकोस. कोर्टात मी बघितलंय, जो रडत नाही त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. रडण्याचं भाषांतर मात्र कुणी माझ्याकडे मागितलं नाही.

जेव. उप्पीट असलं तरी.

आत्या


गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पोलीस आलेच नाहीत. आणि चष्मा गेला.

आज सकाळी ओट्सचा डबा उघडला तर नुसते ओट्स. गंगव्वांना विचारलं, डबा कुणी उघडला का? म्हणाल्या, उंदीर असेल. उंदराने झाकण फिरवून उघडलं, चष्मा घेतला आणि झाकण परत लावलं. शिवाय उंदराला मायनस आठ कशाला हवा?

डबा अपूर्वनेच उघडला असणार. मी मेसमध्ये गेले तेव्हा त्याने बघितलं असेल. काल तो बाथरूममध्ये अर्धा तास नळ सोडून होता. काय धूत होता कोण जाणे.

मी फार घाबरले आहे हे सरांच्या लक्षात आलं. स्वतःहून म्हणाले, मनातली भीती जायला हवी, तर बुधवारी अद्वैतचा तेरावा आहे, तू आणि मी खाणीवर जाऊन पाण्यात फुलं वाहून येऊ. बाकीच्यांना नको, गर्दी झाली की शांती मिळत नाही. मला बरं वाटलं. इथे एक तरी माणूस आहे ज्याला कळतं.

तुझी,
सिद्धी


शनिवार, १९ ऑक्टोबर
(स्पीड पोस्टने)

चि. सिद्धी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. चष्म्याबद्दल मी माझ्या ओळखीच्या एका मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांना विचारले. ते हसले. उंदीर चकाकणाऱ्या वस्तू नेतात, असे म्हणाले. बिचारा मुलगा पाण्यात पडला, प्रकरण मिटले. आता तू त्याचा विचार सोडून अभ्यासाकडे लक्ष द्यावेस. वडीलधाऱ्यांचे ऐकावे. महांतेशसरांसारखे गुरू लाभले हे तुझे भाग्य.

एकच गोष्ट. कुमारिकेने कुणाच्या तेराव्याला पाण्याकाठी जाऊ नये असे आपल्या घराण्यात शास्त्र आहे. ते मोडू नकोस. फुले सर एकटे वाहतील.

डॉक्टरांनी मला अजून दोन महिने घराबाहेर पडायला मनाई केली आहे. तेव्हा माझी वाट पाहू नये.

तुझी,
श्यामलाआत्या


मंगळवार, २२ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

तुझे पत्र काल मिळाले. तुझे बरोबर आहे. उंदीरच असतील. मी उगाच कथा रचत बसले. शास्त्राप्रमाणे मी उद्या खाणीवर जाणार नाही, तसे सरांना सांगितले आहे.

फक्त एक लहानशी गोष्ट. चष्मा सापडला त्याच ठिकाणी मला एक शर्टाचे बटण सापडले होते, दोऱ्यासकट तुटलेले. अद्वैत टी-शर्टमध्ये होता. तेव्हा ते कुणाचे ते माहीत नाही. मी ते जनरेटरच्या खोलीत डिझेलच्या पिंपामागे, कोनाड्यात कागदात गुंडाळून ठेवले आहे. बाबा आले की त्यांच्याबरोबर पोलिसांकडे देईन, म्हणजे विषय संपेल.

इकडे रात्रंदिवस पाऊस आहे. खालच्या रस्त्यावर पाणी भरल्यामुळे दूधवालाही आला नाही.

तुझी आज्ञाधारक,
सिद्धी


रविवार, १० नोव्हेंबर
नागपूर

आत्या,

आईने सांगितलं, जे बोलता येत नाही ते लिही. बाबा येऊन परत गेले, आता ती रजा घेऊन आली आहे, काकांकडे आम्ही दोघी आहोत, ती मला संत्री सोलून देते आणि काही विचारत नाही. पोलिसांना मी सगळं सांगितलं, पण त्यांच्या प्रश्नांपुरतंच. तुला सगळं सांगते.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र वाचून मी आधी रडले. वाटलं, तुलाही खोटं वाटतंय. मग परत वाचलं. तू मला जन्मात कधी 'चि.' म्हटलेलं नाहीस. वडीलधाऱ्यांचं ऐकावं असंही म्हटलेलं नाहीस. आणि शास्त्र? तू पंचांगावर गरम पातेलं ठेवतेस. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की हे पत्र मला लिहिलेलंच नाही. जो कुणी ते माझ्याआधी वाचतो, त्याच्यासाठी आहे.

मग सगळं सरळ झालं. ओट्सच्या डब्याचं मी फक्त तुला लिहिलं होतं. तू बिछान्यावर होतीस. पत्र एकाच माणसाच्या हातून जात होतं, आणि तो अथणीचा होता. मराठी येत नाही असं त्यानेच सांगितलं होतं, मी फक्त विश्वास ठेवला.

तुझ्यापर्यंत खरं पत्र पोचवायचा रस्ता नव्हता. मग त्याला वाचायला मिळेल असंच एक लिहिलं. बटण वगैरे काही नव्हतं. रस्त्यावर पाणी होतं, पत्र पोस्टात जाणं शक्य नव्हतं, तरी मी ते त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "रस्ता सुरू झाला की टाकतो."

रात्री रक्षिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अपूर्वलाही घेऊ. मी म्हटलं, त्याच्यावर माझा संशय होता. ती म्हणाली, "वेडी आहेस का? तो रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. मुलांच्या बाजूची भिंत आपल्या बाथरूमला लागून आहे." मी त्याच्यापुढे जाऊन सॉरी म्हटलं. त्याने कशाबद्दल ते विचारलं नाही. म्हणाला, "त्याचा कॅल्क्युलेटर माझ्याच बॅगेत निघाला, सिद्धी. मी त्याला चोर म्हटलं होतं."

बुधवारी सकाळी आम्ही तिघं आणि गंगव्वा जनरेटरच्या खोलीबाहेरच्या पत्र्याखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. गंगव्वांना एवढंच सांगितलं होतं की इथे बसा, उठू नका. नाश्त्यानंतर तो आला. मागच्या बाजूने, म्हणून आम्ही त्याला दिसलो नाही. आत पिंप सरकवल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मी दारात जाऊन उभी राहिले. तो गुडघे टेकून बसला होता, हात कोनाड्यात खांद्यापर्यंत.

मी मराठीत म्हटलं, "सर, तिथे काही नाही. मी खोटं लिहिलं होतं."

आणि तो मराठीत म्हणाला, "मग लिहिलंस कशाला?"

अगदी स्वच्छ. रागावून नाही, शिक्षक विचारतात तसं. मग त्याला कळलं. त्याने माझ्यामागे बघितलं. बाकीचे तिघं उभे होते. गंगव्वा शांतपणे म्हणाल्या, "मलाही कळलं. मीही तिकडचीच, हुक्केरीची."

तो पिंपावर बसला. मला वाटलं होतं ओरडेल, मारेल. तो हात पुसत बसला आणि बोलायला लागला, मराठीतच. गेल्या वर्षी हेब्बाळच्या सेंटरवर तो दुसऱ्याच मुलाच्या नावाने एन्ट्रन्सला बसला होता. अद्वैत त्याच्या मागच्या बाकावर होता. पूजेच्या दिवशी अद्वैतने त्याला इथेच गाठलं आणि विचारलं, "सर, ते तुम्हीच होतात ना? नसाल तर मी माफी मागतो." तो म्हणाला, "माफी मागतो म्हणाला गं. मी त्याला एक थोबाडीत मारली, एवढंच करायचं होतं." चष्मा उडून फुलांत पडला. अद्वैत जमिनीवर चाचपडत होता.

आत्या, पुढचं मी पोलिसांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तो अद्वैतला म्हणाला, "ऊठ, तुला रूमवर सोडतो." आणि हात पुढे केला. अद्वैतने तो धरला. थप्पड खाल्ल्यावरसुद्धा धरला. खडकांतून जाताना अद्वैत विचारत होता, "सर, पायऱ्या कधी येतील?" आणि हा म्हणत होता, "येतील, अजून थोडं."

हे सांगताना तो रडला नाही. मला रोज झोपताना त्या पायऱ्या ऐकू येतात.

मग तो उठला. म्हणाला, "आता तुम्ही चौघं काय करणार?" गेटच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या, खाली रस्ता पाण्यात. अपूर्व पुढे आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या हातात शेंगांचं सूप होतं. तेच त्याने छातीशी ढालीसारखं धरलं होतं. त्यातून टरफलं गळत होती. रक्षिताने माझा कोपर पकडला. गंगव्वा दारातून हलल्या नाहीत.

मग खालून ट्रॅक्टरचा आवाज आला.

त्या क्षणी तो पळेल असं वाटलं. तो शर्ट नीट करून गेटकडे गेला आणि स्वतः कुलूप उघडलं. पाहुणे आले की उघडायची सवय असेल. ट्रॉलीत दोन पोलीस, एक काळी छत्री घेतलेल्या बाई आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर दोरीने बांधलेली तू.

त्याने तुला उतरायला हात दिला. तू त्या हाताकडे बघितलंस आणि कन्नडमध्ये म्हणालीस, "नको. माझा वॉकर द्या."

तेव्हा मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

सिद्धी


बुधवार, २० नोव्हेंबर
जे. पी. नगर

सिद्धे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. त्या पायऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही.

माझी बाजू थोडक्यात. तुझं सतराचं पत्र वाचताच कळलं, पण पोलिसांनी 'मुलांच्या गोष्टी' म्हणून फोन ठेवून दिला. तुझ्या कॉलेजला परत फोन करणं म्हणजे त्यालाच सावध करणं. म्हणून ते शास्त्राचं पत्र धाडलं आणि कावेरीला बोलावलं. छत्रीवाली बाई तीच. सरकारी वकील होती, माझ्याबरोबरच निवृत्त झाली. सोमवारी आम्ही स्टेशनात जाऊन बसलो आणि उठलो नाही. माझ्या पायाकडे बघून ते उठवूही शकत नव्हते. मंगळवारी साहेब म्हणाले, रस्ता बंद आहे. कावेरी म्हणाली, ट्रॅक्टर बंद नाहीत. मला खुर्चीला बांधायची कल्पना तिची, त्याबद्दल मी तिच्याशी अजून बोलत नाही.

चष्मा त्याच्या सुटकेसमध्ये मोज्यात सापडला. परीक्षेचं प्रकरणही वर निघालं आहे.

आता जे झालं ते सांगते. गेल्या आठवड्यात त्याची आई अथणीहून आली. कस्तुराबाई नाव. स्टेशनात कुणीतरी तिला बाकावर बसवलं होतं. तिला मराठीच नीट येते, कन्नड कामापुरतं, आणि त्याचा जबाब लिहिलेला इंग्रजीत. साहेबांनी मला फोन केला. मी साक्षीदार आहे, मला दुभाष्याचं काम करता येत नाही असं सांगितलं. म्हणाले, "काम म्हणून नाही, अम्मा. ती सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही."

गेले. ती म्हणाली, "बाई, माझ्या पोरानं काय लिहून दिलंय ते वाचून दाखवा." मी वाचलं. अठ्ठावीस वर्षं केलं तसंच, एक शब्द न गाळता, एक न घालता. हात धरल्याचं त्या जबाबात नव्हतं, म्हणून ते मीही सांगितलं नाही. तिने पूर्ण ऐकलं. डबा आणला होता त्याच्यासाठी, त्याचं झाकण लावत-काढत राहिली. मग विचारलं, "मारताना त्याला कळत होतं का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग डबा त्याला देऊ नका," आणि तो माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली. थालीपीठं होती. मी आणि जबाब लिहिणाऱ्या कॉन्स्टेबलने खाल्ली. टाकवली नाहीत.

आता कामाचं. त्याने पोलिसांना जे सांगितलं ते कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तुम्हा चौघांपुढे तो बोलला ते चालतं, पण ते तुम्ही स्वतः कोर्टात सांगायला हवं. रक्षिता आणि अपूर्वला मराठी कळत नव्हती. गंगव्वा सांगायला तयार आहेत, पण त्या तुझ्यामागे दारात होत्या, पत्र्यावरच्या पावसात त्यांना निम्मंच ऐकू आलं. सगळं ऐकलंस ती तू. सहा डिसेंबरला मॅजिस्ट्रेटसमोर तुझा जबाब आहे. त्यात पायऱ्या यायला हव्यात, सिद्धे. दुसरं कुणी ते सांगू शकत नाही. अद्वैतची आई येणार आहे. तिला मी विचारलं, ऐकवेल का? म्हणाली, "तो शेवटचं काय बोलला ते मला कुणीच सांगितलेलं नाही."

यायचं नसेल तर नाही म्हण. कुणी रागावणार नाही, मीही नाही. कावेरी रागावेल, पण तिचं मी बघून घेईन.

आलीस तर तुला विचारतील, कोणत्या भाषेत सांगणार? मराठी म्हण. दुभाषी दुसरी असेल, नवीन मुलगी आहे, चांगली आहे. प्रत्येक वाक्यानंतर तिच्यासाठी थांब. रडू आलं तर तेव्हाही थांब, कुणी घाई करत नाही. मी मागच्या बाकावर असेन.

शाल आण. तिथले पंखे बंद करता येत नाहीत.

आत्या